संगणकाची झाडलोट आणि घरचा राखणदार



गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट आहे. कुंडलमधल्या एका सेवा केंद्रात मी एका दाखल्यासाठी बसलो होतो. माझ्यापुढे एक आजी होत्या. त्यांना कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते, त्यासाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. 2014 सालापासून ‘जीवन प्रमाण’ योजनेमुळे हा दाखला अंगठ्याच्या ठशावर देता येतो, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहेच. आजींनी यंत्रावर अंगठा ठेवला. ठसा येईना. पदराला पुसून पुन्हा ठेवला, तरी येईना. “जन्मभर खुरपं धरलं, रेघा कुठनं राहत्यात बाबा,” असे म्हणून त्या ओशाळल्यासारख्या बाजूला सरकल्या. केंद्र चालवणाऱ्या मुलालाही ते पटले, कारण कष्टाच्या हातांचे ठसे पुष्कळदा खरोखरच येत नाहीत. मग पाठीमागच्या माणसाचाही येईना. त्याच्या मागे कॉलेजातला एक पोरगा होता, त्याचाही येईना, तेव्हा कुठे संशय यंत्राकडे वळला.

चौकशी करता कळले ते असे. संगणक मंद चालतो म्हणून आदल्या रात्री त्या मुलाने ‘संगणक स्वच्छ करणारा’ एक फुकट प्रोग्रॅम उतरवून घेतला होता. त्याने तपासणी केली, शेकडो ‘दोष’ लाल अक्षरांत दाखवले आणि खाली एक मोठे बटण दिले. मुलाने ते दाबले. सगळे दोष गेले, आणि त्यांच्याबरोबर अंगठ्याच्या यंत्राचा प्राणही गेला.

हे कसे झाले ते समजून घेण्यासारखे आहे. अंगठ्याचे यंत्र नुसते तारेने जोडून भागत नाही. आधारच्या कामासाठी त्या यंत्राचा एक लहान प्रोग्रॅम पडद्याआड सतत जागा असावा लागतो. केंद्रवाले त्याला ‘आरडी सर्व्हिस’ म्हणतात. ठसा घ्यायचा, तो गुप्त लिपीत बंद करायचा आणि पुढे द्यायचा, एवढेच त्याचे काम. संगणक सुरू झाला की तो आपला आपण उठतो, कोणतीही खिडकी दाखवीत नाही, कोणाशी बोलत नाही. झाडलोट करणाऱ्या प्रोग्रॅमला काय दिसले? कोणीतरी एक कारण नसताना सकाळपासून उठून बसतो आहे. त्याने त्याला ‘अनावश्यक’ ठरवून झोपवले.

शाळेतही हेच होते. मराठी टंकनासाठी सीडॅकचे आय.एस.एम. किंवा तसेच दुसरे साधन वापरणारे शिक्षक अजून आहेत. तेही पडद्याआड जागे असावे लागते. सफाईत ते सुरुवातीच्या यादीतून निघाले की कळफलकावर मराठी उमटत नाही, आणि प्रश्नपत्रिका टंकायच्या दिवशी सगळे गुरुजी कळफलकालाच दोष देत बसतात.

आता यातला सर्वांत जोखमीचा भाग सांगतो. तो आहे व्हायरस रोखणाऱ्या प्रोग्रॅमचा, म्हणजे अँटिव्हायरसचा. या विषयात आपल्या भागाने मान ताठ करावी अशी एक गोष्ट आहे. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि तशी यंत्रे दुरुस्त करीत. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातून नव्वदीच्या दशकात ‘क्विक हील’ उभे राहिले. तेव्हा हा राखणदार आपल्या परिचयाचा आहे. पण तो राहतो कसा, हे आपण सहसा पाहत नाही.

पलूस-तासगावकडच्या द्राक्षबागायतदाराला हे चटकन कळेल. द्राक्षावर पिठ्या ढेकूण पडतो, ज्याला आपण मिलीबग म्हणतो. त्याला खाणारा क्रिप्टोलिमस नावाचा एक मित्रकिडा आहे. गंमत अशी की, या मित्रकिड्याची अळी अंगावर पांढरे मेणचट तंतू घेऊन हिंडते आणि दिसायला थेट मिलीबगसारखीच असते. न ओळखणारा माणूस “कीड वाढली” म्हणून फवारा मारतो, आणि राखणदारच मारून टाकतो. अँटिव्हायरसचे असेच आहे. तो व्हायरससारखाच संगणकात खोलवर बसतो, उघडणारी प्रत्येक फाइल हुंगतो, पकडलेले व्हायरस एका कोंडवाड्यात अडकवून ठेवतो, रोज नवी ओळखपत्रे उतरवून घेतो, नोंदींचे ढीग लिहितो. सफाई प्रोग्रॅमच्या हिशेबी हा सगळा कचरा. कधी त्याची सुरुवातीची नोंद जाते, कधी तात्पुरत्या जागी उतरवलेली अर्धवट फाइल पुसली जाते, आणि राखणदार उभा दिसतो पण आंधळा झालेला असतो.

यापुढचा प्रकार आणखी वाईट आहे. विंडोज 10 आणि 11 मध्ये ‘डिफेंडर’ नावाचा स्वतःचा राखणदार असतो. बाहेरचा अँटिव्हायरस बसवला की डिफेंडर बाजूला होतो, कारण दोन पहारेकरी एकाच फाइलवर झडप घालू लागले की संगणकच अडकतो. आता सफाईने बाहेरचा अँटिव्हायरस अर्धामुर्धा मोडला, पण तो ‘कामावर हजर’ असल्याची नोंद तेवढी शिल्लक राहिली, तर कधी कधी डिफेंडर परत येतच नाही. मस्टरवर सही आहे, पण फाटकावर कोणी नाही. त्या केंद्रातल्या संगणकावरही अँटिव्हायरसचे चिन्ह बंद पडलेले होते. लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेची कामे ज्यावर चालतात, तो संगणक रात्रभर उघडा होता. अंगठा अडला नसता तर ते कोणाच्या लक्षातही आले नसते.

‘रजिस्ट्री’ हा शब्द आपण ऐकला असेल. ते संगणकाचे गावदप्तर समजा. कोणता प्रोग्रॅम कोठे राहतो, कोणती फाइल कोणी उघडायची, हे सगळे त्यात लिहिलेले असते. सफाई प्रोग्रॅम एकेक नोंद घेऊन त्या पत्त्यावर जातो, आणि तिथे कोणी सापडले नाही की नोंद खोडतो. पण घराला कुलूप दिसले म्हणून सात-बारावरचे नाव खोडायचे काय? मालक मुंबईला गेला असेल! तसेच ती फाइल पेनड्राइव्हवर असू शकते, किंवा यंत्राची तार तेवढ्यापुरती काढलेली असू शकते. बरे, फायदा म्हणाल तर तोही नाही. दप्तरात लाखो नोंदी असतात, त्यातल्या चारपाचशे खोडून वेग वाढत नाही. खुद्द मायक्रोसॉफ्ट कंपनीने रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रॅमांना आपला पाठिंबा नाही, आणि त्यांच्यामुळे प्रसंगी विंडोज नव्याने घालावे लागेल, असे स्पष्ट लिहून ठेवले आहे.

शिवाय सफाई करणारा स्वतः स्वच्छ असतोच असे नाही. ‘सीक्लीनर’ हा या वर्गातला जगभर नावाजलेला प्रोग्रॅम. 2017 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात चोरांनी तो तयार होतो तिथेच शिरून त्याच्या 5.33 या आवृत्तीत घातक भाग मिसळला, आणि कंपनीच्याच अधिकृत शिक्क्यानिशी तो सुमारे 22 लाख 70 हजार संगणकांवर पोहोचला. कंपनीने नंतर सुधारलेली आवृत्ती दिली, तो दोष तिथे संपला. पण केरसुणीतूनच विंचू घरात येऊ शकतो हे त्या वेळी जगाने पाहिले. मोबाइलचे तर विचारूच नका. 29 जून 2020 रोजी भारत सरकारने 59 ॲपांवर बंदी घातली, त्यांत ‘क्लीन मास्टर’सारखी सफाईची म्हणवणारी ॲपे अनेक होती.

मग मंद संगणकाचे करायचे काय? आधी तो मंद का आहे ते पाहावे. बहुधा स्मरणशक्ती, म्हणजे रॅम, कमी असते, किंवा जुनी फिरती हार्ड डिस्क असते. तिच्या जागी एसएसडी बसवली की जुना संगणकही तरतरीत होतो, आणि हा खर्च कोणत्याही फुकट प्रोग्रॅमपेक्षा शेवटी स्वस्त पडतो. जागा भरली असेल तर विंडोजमधलीच ‘डिस्क क्लीनअप’ किंवा ‘स्टोरेज सेन्स’ ही साधने पुरेत. मात्र तिथेही प्रत्येक ओळ वाचूनच खूण करावी. 2018 च्या अखेरीस आलेल्या विंडोज 10 च्या आवृत्तीत डिस्क क्लीनअपच्या यादीत ‘डाउनलोड्स’ हा कप्पाही दिसू लागला होता, आणि नेहमीच्या सवयीने सगळ्याच ओळींवर खुणा करणाऱ्यांच्या हव्या असलेल्या फाइली त्यात गेल्या. पुढे तो पर्याय त्या यादीतून काढण्यात आला. शिक्षकमित्रांनी निकालपत्रके त्या कप्प्यात मुळी ठेवूच नयेत.

सुरुवातीच्या यादीतले ज्याचे नाव आपल्याला ओळखता येत नाही, त्याला हात लावण्यापूर्वी जाणकाराला विचारावे, आणि ‘रिस्टोअर पॉइंट’ करून ठेवावा, म्हणजे मागे फिरायला वाट राहते. अँटिव्हायरस बदलायचा असेल तर तो ज्या कंपनीचा आहे तिच्याच काढून टाकण्याच्या साधनाने काढावा, आणि मगच दुसरा बसवावा. एका वेळी एकच.

एक झाडलोट मात्र मी अवश्य सांगेन, आणि ती खरोखरीची आहे. आपल्याकडे गळीत हंगामात कारखान्याच्या धुराड्याची आणि पेटवलेल्या पाचटाची काजळी घराघरात येते. ती संगणकाच्या पंख्यात बसते, संगणक तापतो आणि तापला की आपला वेग आपणच कमी करतो. संगणक बंद करून, तार काढून, मऊ ब्रशाने पंखा पुसावा.

त्या केंद्रातल्या मुलाने अंगठ्याच्या यंत्राची सर्व्हिस कंपनीच्या संकेतस्थळावरून पुन्हा बसवली, अँटिव्हायरसही नव्याने घातला. यात त्याचा दीड दिवस गेला. तिसऱ्या दिवशी आजी परत आल्या. हात साबणाने दोनदा धुऊन आल्या होत्या. अंगठा पहिल्याच खेपेला लागला. तेव्हा त्या मुलाने, “आजी, त्या दिवशी चूक माझी होती, तुमच्या हाताची नव्हती,” असे सर्वांसमक्ष सांगितले.