थंड पाण्यातील अंगरखा

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील माँटेरे हे लहानसे शहर स्कूबा डायव्हिंगच्या हौशी मंडळींचे तीर्थक्षेत्र मानले जाते. येथील उपसागरात केल्प या महाकाय सागरी शैवालाची वनेच्या वने उभी आहेत. या हिरव्या-सोनेरी स्तंभांमधून पोहताना समुद्रसिंह आणि नाना रंगांचे मासे सोबतीला असतात. सॅन होजे परिसरात स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांपासून हे शहर मोटारीने दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे. साहजिकच त्यांच्याकडे सुट्टीला गेलेल्या आणि मालवणजवळच्या तारकर्लीला डायव्हिंगची गोडी लागलेल्या तरुणांची पावले तिकडे वळतात.

पाण्यात पाय घालताच मात्र अंगावर काटा येतो. तारकर्लीचे पाणी हंगामात २७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. माँटेरेचे पाणी साधारणतः १० ते १५ अंशांवर. वसंत आणि ग्रीष्म ऋतूंत वायव्येकडून वाहणारे वारे किनाऱ्याजवळचे पृष्ठभागावरील पाणी दूर लोटतात आणि खोलातील गार, पोषक द्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. केल्पची वने पोसणारे पाणी हेच. म्हणजेच ज्या वैभवासाठी तेथे जायचे, ते थंडीचेच देणे आहे. त्या थंडीत उतरायचे तर अंगावरचा वेटसूट पारखून घेतलेला हवा.

थंडीचा धोका

पाणी शरीरातील उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. शरीराचे आंतरिक तापमान ३७ अंशांवरून ३५ अंशांखाली गेले की वैद्यकीय दृष्ट्या धोक्याची अवस्था सुरू होते. परंतु अडचणी त्याच्या कितीतरी आधी येतात. बोटे बधिर होऊन बकल उघडेनासे होते, श्वास जलद होऊन टाकीतील हवा लवकर संपते आणि विचारशक्ती मंदावते. वर येताना शरीर गारठलेले असेल, तर रक्तात व स्नायूंत विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडण्याचा वेगही मंदावतो आणि सांधे व मज्जासंस्थेला इजा करणाऱ्या विकाराची शक्यता वाढते. कुडकुडणे सुरू झाल्यावर "आणखी पाच मिनिटे" असा मोह धरू नये. सहकाऱ्याला खूण करून शांतपणे वर यावे, हाच पहिला नियम होय.

गोधडीचे तत्त्व

वेटसूटची कल्पना याच कॅलिफोर्नियात जन्मली. बर्कली विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५१-५२ च्या सुमारास एक सरळ विचार मांडला : पाणबुड्याला उबदार ठेवण्यासाठी त्याला कोरडे ठेवण्याची गरज नाही. अंगालगत पाण्याचा पातळ थर आला तरी चालेल. उष्णता अडवणारे अस्तर मात्र हवे. त्यासाठी वायूचे असंख्य बंद बुडबुडे असलेला निओप्रिन या कृत्रिम रबराचा फेस निवडण्यात आला. पुढे जॅक ओ'नील आणि मायस्ट्रेल बंधू यांनी असे पोशाख बाजारात आणले.

आत शिरलेले पाणीच आपल्याला ऊब देते, हा सर्वत्र आढळणारा गैरसमज आहे. वास्तविक ते पाणी तापवण्यासाठी शरीर स्वतःची उष्णता खर्च करते. ऊब टिकवतात ते बुडबुडे. आजीच्या गोधडीत थरांमध्ये अडकलेली हवा टिकवते, अगदी तशीच. म्हणून आत येणारे पाणी थोडे असावे आणि एकदा आलेले तेथेच राहावे. सैल पोशाखात प्रत्येक हालचालीबरोबर तापलेले पाणी बाहेर जाते आणि गार पाणी आत येते. खिडक्या सताड उघड्या ठेवून शेगडी पेटवावी, तसा हा प्रकार!

जाडीचा हिशेब

तारकर्लीसारख्या उबदार पाण्यात ३ मिलिमीटर जाडीचा पोशाख पुरेसा होतो. १८ ते २३ अंशांसाठी सामान्यतः ५ मिलिमीटर आणि १० ते १८ अंशांसाठी हूडसह ७ मिलिमीटर जाडी घेतात. १० अंशांखाली पाणी पूर्णपणे बाहेर ठेवणारा ड्रायसूट अधिक योग्य. ही केवळ स्थूल मार्गदर्शक मर्यादा होय. सडपातळ व्यक्तीला आणि दिवसातून दोन-तीनदा पाण्यात उतरणाऱ्याला अधिक संरक्षण लागते.

शिवाय दुकानात मोजलेली जाडी खोल पाण्यात कायम राहत नाही. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि ३० मीटरवर चौपट. बुडबुडे आक्रसतात, पोशाख पातळ होतो आणि नेमक्या अधिक गार पाण्यातच त्याची ऊब घटते. त्याची तरंगण्याची शक्तीही कमी होते. म्हणून जाड पोशाखाबरोबर शिशाची वजने किती घ्यावीत, हे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली उथळ पाण्यात तपासून घ्यावे.

मापाची परीक्षा

सैल बसणाऱ्या महागड्या ७ मिलिमीटरच्या पोशाखापेक्षा अंगाला चपखल बसणारा ५ मिलिमीटरचा पोशाख पुष्कळदा अधिक ऊब देतो. म्हणून किमतीच्या चिठ्ठीआधी आरसा पाहावा. कोरड्या अंगावर पोशाख किंचित घट्ट वाटणे योग्यच. पाण्यात तो थोडा सैलावतो. काखा, जांघा आणि कमरेमागचा खळगा या तीन ठिकाणी पोकळी राहता कामा नये. हात डोक्यावर न्यावेत, उकिडवे बसावे, पूर्ण श्वास घ्यावा. छाती फुगण्यास अडथळा वाटला किंवा खांदे ओढले गेले, तर तो पोशाख बाजूला ठेवावा. गळ्याशी मात्र अतिघट्टपणा घातक ठरतो. मानेतील रक्तवाहिन्यांवर दाब पडून भोवळ येऊ शकते. गळा चोळामोळा न होता सपाट बसावा, एवढे पुरे.

त्यानंतर शिवण पाहावी. सुई आरपार गेलेली शिवण उबदार पाण्यात चालते. थंड पाण्यासाठी कडा आधी चिकटवून, सुई आरपार न जाऊ देता घातलेली शिवण हवी. चेनच्या आत रबराची पट्टी असावी, मनगटे व घोटे घट्ट मिटावेत. फार मऊ, ताणले जाणारे निओप्रिन अंगाला सुखद वाटते. परंतु दाबाखाली ते सहसा लवकर पातळ होते, हे विसरू नये. स्त्रियांसाठी आणि बुटक्या वा उंच बांध्यांसाठी वेगळी मापे मिळतात. ती आवर्जून मागावीत.

डोके, हात आणि पाय यांना दुय्यम समजू नये. लहान बाळाला टोपडे घालताना आई जी काळजी घेते, तीच हूड घालताना घ्यावी : कपाळ झाकलेले, कान उबदार आणि मुखवट्याची कड थेट त्वचेवर. हातमोजे घालून बकल उघडता येते का, हेही किनाऱ्यावरच पाहावे.

भाडे की खरेदी?

वर्षातून एक-दोन वेळाच पाण्यात उतरणाऱ्याने पोशाख भाड्याने घेणे हिताचे. मात्र तो घालून पाहण्यास वेळ द्यावा. गुडघ्याशी व बैठकीवर झिजलेला, चिमटीत दाबल्यास कागदासारखा पातळ लागणारा पोशाख नम्रपणे परत करावा. दोन-तीन प्रकार भाड्याने वापरून स्वतःचे माप उमगल्यावरच खरेदीचा विचार करावा. वापरानंतर पोशाख गोड्या पाण्यात खळबळून, उलटा करून, रुंद हँगरवर सावलीत वाळवावा. घडी घालून दाबून ठेवल्यास त्या रेषेवरील बुडबुडे कायमचे चपटे होतात आणि पुढच्या खेपेस थंडी तेथूनच वाट काढते.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपल्याकडे म्हणतात. वेटसूटच्या बाबतीत आधी स्वतःचे माप नीट घ्यावे आणि मगच अंथरूण निवडावे. असा पोशाख अंगावर असला, की पाण्याखालचा अर्धा तास घड्याळाकडे न पाहता केल्पच्या त्या सोनेरी वनात घालवता येतो.