घरातली टपालकचेरी

आज ज्या व्यवस्थेतून आपला बहुतेक सर्व कचेरीचा पत्रव्यवहार चालतो, ती ईमेलची व्यवस्था कोणा एका कंपनीची मिळकत नाही, असे सांगितले म्हणजे पुष्कळ सुशिक्षित माणसांनाही आश्चर्य वाटते. आपली पत्रे ज्यांच्या यंत्रांवर राहतात त्या दोन-चार बलाढ्य कंपन्यांची नावे इतकी रूढ झाली आहेत की, ती नावे म्हणजेच ईमेल असा समज व्हावा यात नवल नाही. परंतु ज्या नियमांनुसार पत्र एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाते ते नियम सर्वांस खुले आहेत, ते पाळणारी उत्तम सॉफ्टवेअरे विनामूल्य मिळतात, आणि ज्याच्यापाशी एक साधा संगणक, स्वतःच्या नावाचे एक डोमेन व इंटरनेटवरचा कायम पत्ता आहे अशा कोणाही गृहस्थाला, वकिलाच्या कचेरीला, प्रकाशनसंस्थेला किंवा शाळेला त्या कंपन्यांच्या बरोबरीच्या हक्काने या व्यवहारात उतरता येते. हा हक्क बजावावयाचा तर काय करावे लागते, त्यात सोपे काय आणि कठीण काय, हे येथे सांगावयाचे आहे.

१९७१ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे, बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत काम करणाऱ्या रे टॉमलिन्सन यांनी शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन संगणकांमध्ये अर्पानेट या जाळ्याच्या मार्गाने पत्र धाडले, आणि माणसाचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये 'ॲट'चे चिन्ह घालण्याची रीत पाडली. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी पत्रवहनाच्या नियमांचा जो मसुदा प्रसिद्ध केला, तोच 'सिंपल मेल ट्रान्सफर प्रोटोकॉल', म्हणजे एसएमटीपी. तो लिहिला गेला तेव्हा जाळ्यावरील यंत्रे थोडी आणि ती चालविणारी माणसे विद्यापीठांतील व संशोधनसंस्थांतील होती. साहजिकच, पत्र आणणाऱ्याने आपले जे नाव सांगितले ते खरे मानावे, ही गोष्ट त्या नियमांत गृहीत धरली गेली. आपल्याकडे १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 'अर्नेट'ची उभारणी आरंभिली, तीत मुंबईची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी या दोन्ही संस्था सामील होत्या, आणि आरंभीचे टपाल टेलिफोनच्या तारेवरून क्रमांक फिरवूनच ये-जा करीत असे. तेथेही व्यवहार परिचितांचाच होता. या गृहीताची किंमत जगाने पुढे मोजली, आणि घरी सर्व्हर उभारणाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या अडचणींपैकी बहुतेकांचे मूळ तेथेच आहे.

हे नियम किती साधे आहेत ते डोळ्यांनी पाहावयाचे असेल, तर आपल्या सर्व्हरच्या २५ क्रमांकाच्या पोर्टवर 'टेलनेट'ने जावे. सर्व्हर २२० हा आकडा देऊन आपले नाव सांगतो. आपण 'एहलो' असे लिहून आपले नाव सांगावे, की तो २५० या आकड्याने होकार देतो. 'मेल फ्रॉम' लिहून पाठविणाऱ्याचा पत्ता द्यावा, पुन्हा २५०. 'आरसीपीटी टू' लिहून घेणाऱ्याचा पत्ता द्यावा, पुन्हा २५०. मग 'डेटा' लिहावे, म्हणजे ३५४ म्हणून तो मजकुराची वाट पाहत थांबतो, आणि मजकूर संपल्यावर एका स्वतंत्र ओळीवर केवळ एक टिंब दिले की २५० म्हणून पत्राची पोच देतो. या शेवटच्या २५० चे महत्त्व फार आहे; तो आकडा आला की पत्राची जोखीम पाठविणाऱ्याच्या शिरावरून उतरून घेणाऱ्याच्या शिरावर येते, आणि ते पत्र पोहोचविणे, अथवा पोहोचविता आले नाही तर तसे कळविणे, हे त्याचे कर्तव्य ठरते. याच संभाषणात दोषही उघड दिसतो. 'मेल फ्रॉम'मध्ये दिलेला पत्ता हा पाकिटावरचा पत्ता; वाचणाऱ्याच्या पडद्यावर जे नाव दिसते ते मात्र आतल्या कागदावरचे, 'डेटा'नंतर लिहिलेले असते; आणि ही दोन नावे एक असावीत, किंवा त्यांपैकी एखादे तरी खरे असावे, अशी सक्ती मूळ नियमांत कोठेही नाही.

आता प्रत्यक्ष उभारणीकडे वळू. यंत्र जुने असले तरी चालते. दहा-वीस माणसांच्या कचेरीचे टपाल हाताळावयास सामर्थ्यापेक्षा अखंड चालू राहण्याचीच गरज अधिक असते. त्यावर लिनक्सची 'डेबियन'सारखी एखादी स्थिर आवृत्ती बसवावी आणि पत्रांच्या ने-आणीसाठी 'पोस्टफिक्स' घ्यावे, अशी माझी शिफारस आहे, आणि तिला इतिहासाचा आधार आहे. बर्कलीच्या विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी लिहिलेला 'सेंडमेल' हा कार्यक्रम अनेक वर्षे या क्षेत्राचा सार्वभौम होता. परंतु तो एकसंध होता आणि यंत्राचे सर्वाधिकार हाती घेऊन चालत असे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेल्या 'वर्म'ने इंटरनेटवर जो हाहाकार उडविला, त्यात शिरकावाची एक वाट सेंडमेलमध्ये उघड्या राहिलेल्या चाचणीच्या सोयीतून होती. आयबीएमच्या संशोधनशाळेत वित्से वेनेमा यांनी रचलेला व डिसेंबर १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला पोस्टफिक्स हा या अनुभवाचा परिपाक होय. जुन्या शिस्तीच्या कचेरीत आवक बारनिशीचा कारकून निराळा, जावक बारनिशीचा निराळा आणि दफ्तरखान्याच्या किल्ल्या तिसऱ्याच्या कमरेला, अशी वाटणी असे. त्याच रीतीने पोस्टफिक्समध्ये बाहेरचे पत्र घेणारा, ते तपासून नीट करणारा, रांग सांभाळणारा आणि पेटीत टाकणारा असे छोटे छोटे स्वतंत्र कार्यक्रम असून, प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार असतो. पेटीतली पत्रे घरच्या फोनवर वा कचेरीतल्या मेजावर वाचावयास मिळावीत म्हणून, मूळ फिनलंडच्या टिमो सिरायनेन यांचा 'डोव्हकॉट' सोबतीला घ्यावा लागतो.

पोस्टफिक्सच्या मुख्य फाइलमध्ये ज्या नोंदी कराव्या लागतात त्यांतील एकीविषयी विशेष सावध राहिले पाहिजे. 'मायनेटवर्क्स' या नोंदीत ज्या पत्त्यांचा समावेश असतो, त्यांच्याकडून आलेले कोणतेही पत्र सर्व्हर निमूटपणे जगात कोठेही नेऊन देतो. एखाद्या फोनवरून पत्र जात नाही म्हणून वैतागून ही नोंद कोणी सैल केली, तर आपला सर्व्हर 'ओपन रिले' होतो, म्हणजे अनोळखी माणसाचे टपाल अनोळखी माणसाला वाहणारा बिनपगारी हमाल बनतो, आणि असा हमाल शोधून काढणारी यंत्रे इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात. म्हणून या नोंदीत स्वतःच्या यंत्रापलीकडे काही लिहू नये, बाहेरून पत्र धाडणाऱ्यांस ५८७ किंवा ४६५ या पोर्टवर नाव व पासवर्ड देऊनच प्रवेश द्यावा, आणि नंतर दुसऱ्या एखाद्या जागेहून स्वतःच परक्या पत्त्याचे पत्र देऊन पाहावे. 'रिले ॲक्सेस डिनाइड' असे रोखठोक उत्तर आले म्हणजे बंदोबस्त पक्का आहे असे समजावे.

यानंतर डोमेनच्या नोंदींत 'एमएक्स' म्हणून आपल्या यंत्राचे नाव लिहिले, की जगातील कोणताही सर्व्हर आपले टपाल आपल्याच दारी आणू लागतो. वीज गेली तर पत्रे हरवतील, ही भीती अनेकांस वाटते. तीत तथ्य थोडे आहे. समोरचे यंत्र बंद आढळले तर पत्र रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा आणि चार-पाच दिवस तरी धीर सोडू नये, असे नियमच सांगतात. त्यामुळे आपल्याकडची तासा-दोन तासांची, किंबहुना पावसाळ्यातली एखाद्या रात्रीची अंधारकोठडीही टपालास बाधत नाही.

पत्र घेणे हे इतके सोपे आहे. पत्र पाठविणे मात्र सोपे राहिलेले नाही, कारण ते स्वीकारावयाचे की नाही हे समोरचा ठरवितो, आणि समोरच्याचा अपरिचितावरील विश्वास कधीच उडालेला आहे. ३ मे १९७८ रोजी गॅरी थ्यूर्क या विक्रेत्याने अर्पानेटवरील शेकडो लोकांस आपल्या कंपनीच्या संगणकांची एकच जाहिरात धाडली. त्या बीजाचा पुढे असा वटवृक्ष झाला की १९९८ साली स्थापन झालेल्या 'स्पॅमहाउस'सारख्या संस्थांना निषिद्ध पत्त्यांच्या याद्या ठेवाव्या लागल्या. घरगुती जोडण्यांना दिले जाणारे बदलते पत्ते तर, त्यांवरून थेट टपाल येऊ नये याच कारणास्तव, अशा याद्यांत सरसकट घातलेले असतात. तेथे सर्व्हरच्या मालकाचा अपराध पाहिला जात नाही. पुष्कळ सेवादाते घरगुती जोडणीवरून बाहेर जाणारे २५ क्रमांकाचे पोर्टच बंद ठेवतात. शिवाय आकडी पत्त्यावरून यंत्राचे नाव सांगणारी 'पीटीआर' ही उलटी नोंद सेवादात्याच्याच हाती असते, आणि ती नसली तर मोठे सर्व्हर दारातूनच परत पाठवितात.

एवढे जमले तरी आपल्या नावाची सनद डोमेनमध्ये लावावी लागतेच. तिचे भाग तीन. 'एसपीएफ'च्या नोंदीत, या डोमेनचे टपाल कोणत्या पत्त्यांवरून निघू शकते हे जाहीर केलेले असते. 'डीकेआयएम'मध्ये प्रत्येक जावक पत्रावर सर्व्हर गुप्त किल्लीने सही करतो आणि तिची उघड जोडकिल्ली डोमेनमध्ये ठेवतो, जेणेकरून वाटेत मजकुराचे एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही. २०४८ बिटांची ही किल्ली नोंदीच्या एका तुकड्याच्या २५५ अक्षरांच्या मर्यादेत बसत नाही, ती तोडून लिहावी लागते, आणि नवशिक्यांचा बराच वेळ येथेच जातो. 'डीमार्क'ची नोंद पाकिटावरच्या व कागदावरच्या नावांचा तो जुना घोळ मिटविते. वाचणाऱ्याला दिसणारे नाव आधीच्या दोहोंपैकी एकाने तरी सिद्ध झाले पाहिजे, नाहीतर पत्राचे काय करावे, हे तीत मालक स्वतः लिहून ठेवतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने पत्र पाठविणाऱ्या सर्वांना एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि उलटी नोंद सक्तीची केली आहे, व दिवसाला ५००० हून अधिक पत्रे धाडणाऱ्यांवर सनदेचे तिन्ही भाग लादले आहेत. या सक्तीस मी अन्याय म्हणणार नाही; छोट्या सर्व्हरच्या मालकाला आपले सत्य सिद्ध करण्याचे साधन तीमुळेच मिळते.

मग हा उपद्व्याप करावा का? माझ्या मते अवश्य करावा. वर्षानुवर्षांचा व्यावसायिक पत्रव्यवहार हा कचेरीचा दस्तऐवज आहे. तो आपल्या छपराखाली, आपण ठरवू तितकी वर्षे, कोणाच्या बदलत्या अटींवर अवलंबून न राहता जपता येणे ही सामान्य गोष्ट नव्हे. आणखी एक लाभ आहे, त्याचे मला विशेष अगत्य वाटते. ईमेलच्या पत्त्यात देवनागरी अक्षरे चालावीत असे नियम २०१२ साली झाले, '.भारत' हे डोमेन २०१४ मध्ये खुले झाले, आणि पोस्टफिक्सने २०१५ पासून त्यांस आधार दिला आहे. स्वतःचा सर्व्हर असणाऱ्याला आपले नाव व गाव मराठीत लिहिलेला पत्ता आज, कोणाची परवानगी न मागता, चालू करता येतो, आणि असे पत्ते वापरात आल्यावाचून इतर सर्व्हर ते स्वीकारू लागणार नाहीत.

घरगुती जोडणी असेल त्याने टपाल घरी घ्यावे आणि पाठविताना पोस्टफिक्सच्या 'रिलेहोस्ट'द्वारे एखाद्या विश्वासू सेवेच्या हाती द्यावे. कचेरीने मात्र कायम पत्ता व उलटी नोंद यांची लेखी हमी सेवादात्याकडून घेऊन मगच हात घालावा. ज्या कचेरीत सुधारित आवृत्त्या वेळेवर बसविणारा, सुरक्षेच्या प्रमाणपत्राची मुदत सांभाळणारा आणि पत्रांची दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवणारा एक जबाबदार माणूस नाही, तिने हा नाद करू नये. जेथे तो आहे तेथे एक नवे डोमेन घेऊन आरंभ करावा, पहिले काही महिने जुना पत्ता चालू ठेवावा, सर्व्हरची नोंदवही रोज वाचावी, आणि तीत 'डेफर्ड', म्हणजे लांबणीवर पडल्याचा, शेरा असलेल्या प्रत्येक पत्राचे कारण सापडू लागल्यावरच मुख्य टपाल तिकडे वळवावे.