व्हॉल्व्हचा गोडवा येतो कुठून?

व्हॉल्व्हचा अँप्लिफायर गोड आणि ट्रान्झिस्टरचा कोरडा, असं हेडफोनच्या शौकिनांत सर्रास बोललं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं.

इतिहास थोडक्यात सांगतो. फ्लेमिंगचा डायोड १९०४ चा, ली डी फॉरेस्टचा ऑडिऑन १९०६ चा. डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर जन्मला आणि आपल्याकडचे व्हॉल्व्ह रेडिओ यथावकाश माळ्यावर गेले.

माझा जीव जडलाय तो ६०८० या व्हॉल्व्हवर. मुळात तो पॉवर सप्लायमध्ये व्होल्टेज स्थिर ठेवण्यासाठी बनवलेला, संगीताशी संबंध नसलेला. पण त्याचा अंतर्गत रोध इतका कमी, की आउटपुट ट्रान्स्फॉर्मर न लावता तो थेट हेडफोन चालवतो. अशा रचनेला ओटीएल म्हणतात. पुण्यातल्या एका मित्राने तपकीर गल्लीत फिरून सुटे भाग जमवले आणि असा अँप्लिफायर घरीच जुळवला. चालू केल्यावर काचेतला फिलामेंट हळूहळू नारिंगी होतो, आणि थोड्याच वेळात काचेला बोट लावण्याची सोय राहत नाही. नुसता फिलामेंट तापवायलाच सुमारे १६ वॉट लागतात. उलट सेनहायझर एचडी ६५० या हेडफोनला एक व्होल्ट, म्हणजे जेमतेम सव्वातीन मिलिवॉट दिले, तरी आवाज कानाला पुरून उरतो!

त्या मित्राकडे आम्ही तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. काळी एकचा षड्ज धरला तर खरजाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते. ती ओटीएलवर भरदार वाटली, ट्रान्झिस्टरवर जरा सडसडीत. व्हॉल्व्ह प्रामुख्याने दुसरा हार्मोनिक मिसळतो, म्हणजे षड्जावर वरच्या सप्तकातला षड्ज. पण चांगल्या जवारीच्या तानपुऱ्यात तो आधीच भरपूर असतो. त्यातून स्वयंभू गंधारसुद्धा ऐकू येतो. तिथे व्हॉल्व्हची चिमूटभर भर कोणाला कळणार?

खरं कारण इम्पिडन्समध्ये, म्हणजे वारंवारतेनुसार बदलणाऱ्या रोधात आहे. एचडी ६५० म्हणायला ३०० ओहमचा, पण १०० हर्ट्झच्या आगेमागे त्याचा इम्पिडन्स ५०० ओहमच्या घरात जातो. अशा ओटीएलचा आउटपुट इम्पिडन्स १२० ओहमच्या आसपास असतो. गणित मांडलं तर खर्जाकडे सुमारे एक डेसिबलची उचल मिळते, आणि आपण ज्याला गोडवा म्हणतो त्यातला बराचसा भाग हाच. ट्रान्झिस्टर अँप्लिफायर आणि हेडफोन यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर लावून पाहा. आम्ही लावला, आवाजाची पातळी जुळवून घेतली, आणि खरज पुन्हा भरला.

प्लेनर, म्हणजे सपाट पडद्याच्या हेडफोनची गोष्ट निराळी. हायफायमॅन सुंदारा ३७ ओहमचा, आणि त्याचा इम्पिडन्स जवळजवळ सपाट. १२० ओहमच्या ओटीएलवर त्याच्या वाट्याला जेमतेम पाव व्होल्टेज येतं, उचल तर मिळतच नाही.

म्हणून अँप्लिफायर घेण्याआधी आपल्या हेडफोनचा इम्पिडन्सचा आलेख बघा. एचडी ६०० किंवा ६५० असेल, तर ओटीएल जरूर घ्या. त्यावर ख्याल ऐकण्यात मला आजही जास्त आनंद मिळतो. प्लेनर असेल, तर एक-दोन ओहमच्या आतला आउटपुट इम्पिडन्स असलेला ट्रान्झिस्टर अँप्लिफायर घ्या. आणि घरी जुळवणार असाल तर एक लक्षात ठेवा: बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणं व्होल्टेज साठून असतं. ते उतरल्याची मीटरने खात्री केल्याशिवाय आत हात घालू नका.