जीपचा क्लच घरी बदलताना

पावसाळ्यात फुलंब्रीच्या शिवारातली काळी माती चाकांना धरली, की जीप बाहेर काढताना पाय हमखास अर्ध्या क्लचवर राहतो. इंजिन फिरतं, चाक अडतं आणि मधली क्लच प्लेट घासून तापते. करपल्याचा वास येतो तो तिच्याच अस्तराचा.

१९४०च्या दशकात महिंद्राने मुंबईत विलीज जीप आणल्या, तेव्हाही क्लच असाच एका कोरड्या प्लेटचा होता. प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या जोरावर ही प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग तो दाब काढतं. अस्तर झिजलं की इंजिनाचा आवाज चढतो, वेग मात्र वाढत नाही.

घरी काम करायचं तर जमीन सपाट आणि स्टँड भक्कम हवेत. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. फोर बाय फोरमध्ये गिअरबॉक्सला ट्रान्सफर केस जोडलेली असते. गिअरबॉक्स उतरवताना ते वजन एकट्याने पेलू नका. जुन्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून धूळ हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसा.

खरी कसोटी जोडताना. नवी प्लेट अलाइनमेंट टूलने मधोमध धरा आणि समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळा. प्लेट जराशी सरकली तरी गिअरबॉक्सचा शाफ्ट आत जात नाही. रिलीज बेअरिंग आणि गळका ऑइल सील याच वेळी बदला. तेल लागलं तर नवी प्लेटही घसरते.

पुढे चिखलात लो गिअर टाका आणि क्लचवरचा पाय पूर्ण काढा.