काडतुसाची टोपी आणि नेमाची अचूकता



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी बोरगावच्या या शाळेत आम्हांला विज्ञान शिकविले. पुढे माझे सारे आयुष्य दारूगोळ्याच्या तपासणीत गेले. म्हणून आज मी काडतुसाचा सर्वांत लहान भाग विवेचनासाठी घेतला आहे. त्याला प्रायमर म्हणतात. जुनी माणसे त्याला टोपी म्हणत. दिवाळीत आपण पिस्तुलात ज्या टिकल्या उडवीत असू, त्यांचाच हा थोरला भाऊ समजावा.

रायफलच्या काडतुसाचे चार भाग असतात : पितळी पुंगळी, तिच्यातील दारू, तोंडाशी बसविलेली गोळी आणि बुडाशी बसविलेली टोपी. चाप ओढला की टोकदार खिळा टोपीवर आदळतो. टोपीतील स्फोटक मिश्रण आतल्या लहानशा ऐरणीवर चिरडते आणि त्याची ज्वाला बारीक छिद्रातून दारूपर्यंत पोहोचते. आघाताने पेट घेणाऱ्या रसायनाचा बंदुकीसाठी उपयोग करण्याचे पेटंट अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये घेतले. १८५७ च्या उठावाशी ज्या एन्फिल्ड बंदुकीचे नाव जोडले गेले, तिलाही बाहेरून टोपीच लावावी लागे. पुढे टोपी काडतुसाच्या बुडातच बसली. पुण्याजवळ खडकी येथे लहान शस्त्रांच्या दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला तो १८६९ मध्ये.

आता मुख्य प्रश्न. एवढ्याशा टोपीने नेम बदलतो काय? बदलतो, पण सामान्यतः समजतात तसा नव्हे. जोरदार टोपी म्हणजे अचूक गोळी, हा समज चुकीचा आहे. पावसाळ्यात पऱ्हाटीने चूल पेटविणाऱ्या आपल्या आयाबहिणींना हे लवकर पटेल. ओल्या पऱ्हाटीला मोठा जाळ हवा, कोरडीला एक काडी पुरते. तसेच दारूचे आहे. पुंगळी मोठी, दारू सावकाश जळणारी किंवा हवा अतिशय थंड असेल, तर जोरदार टोपी उपयोगी पडते. लहान पुंगळीला सौम्य टोपी पुरते. दोन्हीकडे खरी अपेक्षा एकच : प्रत्येक वेळी ज्वाला सारखी असावी.

ज्वाला कमीजास्त झाली की गोळीचा वेगही कमीजास्त होतो. एक गोळी सेकंदाला ८४० मीटर वेगाने सुटली आणि दुसरी ८३० मीटरने, असे धरा. हवेचा अडथळा सोडून हिशेब केला, तर ३०० मीटरवर दुसरी गोळी पहिलीच्या सुमारे दीड सेंटीमीटर खाली लागेल. या अंतराच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ १० सेंटीमीटर व्यासाचे असते. तेथे एवढा फरक खपून जातो. पण अंतर तिप्पट केले की फरक नऊपट होतो, म्हणजे ९०० मीटरवर साडेतेरा सेंटीमीटर. हवेच्या अडथळ्याने तो आणखी वाढतो. म्हणून टोपीची निवड जवळच्या नेमात सहसा लपून जाते आणि दूरच्या नेमात उघडी पडते.

अमेरिकेसारख्या देशांत पुष्कळ नेमबाज आपली काडतुसे स्वतः भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, हे येथील तरुणांनी ध्यानात ठेवावे. तेथील जाणकार टोपी बसविताना ती पुंगळीच्या खोबणीत तळाशी टेकेल आणि सर्व पुंगळ्यांत सारखीच बसेल, याची काळजी घेतात. टोपीचा प्रकार बदलला की आतला दाबही बदलतो. म्हणून ते दारू कमी करून पुन्हा पायरीपायरीने परीक्षा घेतात.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळविले. त्या प्रकारातील लहान काडतुसाला स्वतंत्र टोपीच नसते. स्फोटक मिश्रण पुंगळीच्या काठातच भरलेले असते. तेथे टोपी निवडता येत नाही, म्हणून मोठे नेमबाज काडतुसांच्या निरनिराळ्या लॉटची आपल्या रायफलवर परीक्षा घेऊन त्यांतला एक निवडतात. दहा गुणांचे वर्तुळ तेथे केवळ १०.४ मिलिमीटरचे असते.

मात्र परीक्षा कशी घ्यावी, हे मी एका चुकीतून शिकलो. नोकरीच्या आरंभी टोप्यांच्या नव्या लॉटची चाचणी माझ्याकडे आली. जुन्या लॉटची काडतुसे मी सकाळी झाडली, नव्याची दुपारी. मे महिना होता. नव्या काडतुसांच्या वेगात मोठी तफावत दिसली आणि टोप्या सदोष असल्याचा अहवाल मी लिहून टाकला. तो पुढे गेला असता, तर टोप्या भरणाऱ्या कामगारांवर ठपका आला असता. माझ्या वरिष्ठांनी फक्त एक प्रश्न विचारला, "दुपारी पेटी कोठे ठेवली होती?" पेटी अर्धी उन्हात आणि अर्धी सावलीत होती. तापलेली दारू अधिक वेगाने जळते, हे मला ठाऊक असूनही मी विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी दोन्ही लॉट एकाच खोलीत ठेवून आलटून पालटून झाडले. फरक उरला नाही. मी अहवाल फाडला.

त्या रात्री मला गुरुजींच्या हरभऱ्याच्या दोन कुंड्या आठवल्या. एक उजेडात, एक अंधारात. माती तीच, पाणी तेवढेच. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, असे ते आम्हांला बजावीत. मी आणखी एवढेच जोडीन की दोनतीन गोळ्यांवरून निकाल देऊ नये. तीन गोळ्या योगायोगानेही एका ठिकाणी लागतात. वीस लागल्या, तर काही म्हणता येते.

टोपीमुळे नेम बदलतो, हे खरे. पण दोष टोपीचाच आहे असे म्हणण्यापूर्वी बाकी सर्व गोष्टी सारख्या होत्या काय, हे तपासणे आपले कर्तव्य आहे. कारण त्या टोपीमागे कोणाचे तरी हात असतात.