सव्वीस एपिसोड की चार पिक्चर?

गेल्या टर्मला पी.एल. लागायच्या आधी होस्टेलच्या कॉमन रूममध्ये दोन पोरांनी मला गाठलं. रेक्टर म्हणून राऊंडला गेलो की पाणी येत नाही, पंखा आवाज करतो, मेसच्या पोळ्या कच्च्या असतात, असल्याच तक्रारी येतात. या वेळी मामला वेगळा होता. "सर, तुम्ही म्हणे ते इव्हँजेलियन बघितलंय. सिरीज बघायची की पिक्चर? सव्वीस एपिसोडला वेळ कोणाकडे आहे? पिक्चर चारच आहेत."

मी तिथेच हिशोब घातला. सव्वीस एपिसोड म्हणजे साधारण दहा तास. चार पिक्चर मिळून साडेसात तासांच्या वर. म्हणजे वाचणार किती, तर जेमतेम अडीच तास! सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवण्यात याहून जास्त जातात. पण खरं उत्तर काही त्या दोघांना उभ्या उभ्या देता आलं नाही, म्हणून हा लेख. (शेवट फुटणार आहे. ज्यांना चालत नसेल त्यांनी पान उलटावं.)

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन' ही जपानी अ‍ॅनिमे मालिका ऑक्टोबर १९९५ ते मार्च १९९६ मध्ये टीव्ही टोकियोवर लागली. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो. 'एंजल' नावाचे अगडबंब जीव शहरावर चालून येतात आणि त्यांच्याशी लढायला चौदा वर्षांची पोरं इव्हा नावाच्या अवाढव्य यंत्रमानवांत बसतात. यंत्रमानव म्हणायचं आपलं, आत जिवंत प्राणीच आहे. पाठीला वायर. ती तुटली की आतल्या बॅटरीवर जास्तीत जास्त पाच मिनिटं! नायक शिंजी. त्याला बापाने वर्षानुवर्षांनी बोलावून घेतलंय, पण मुलगा म्हणून नाही, पायलट म्हणून. मारामारीच्या नावाखाली मालिका हळूहळू या पोराच्या डोक्यात शिरते, आणि शेवटच्या दोन एपिसोडमध्ये तर लढाई गायबच. नुसता एक मुलगा खुर्चीवर बसून स्वतःला विचारतोय, की मी इथे असावं का?

पुढे २००६ मध्ये आन्नोंनी स्वतःचा खारा नावाचा स्टुडिओ काढला आणि तीच गोष्ट पुन्हा पिक्चरमध्ये सांगायला घेतली. पहिला २००७, दुसरा २००९, तिसरा २०१२ आणि चौथा, शेवटचा, मार्च २०२१.

मी मालिका बघितली ती याच होस्टेलमध्ये, २००७ साली. लॅनवर कोणीतरी टाकली होती. त्या वर्षी मला वाय.डी. लागला होता. घरी सांगितलं नव्हतं. मेसला जाणं बंद केलं होतं, कारण तिथे बरोबरचे सगळे पुढच्या वर्षाच्या गप्पा मारत. रूममेट ताटात वाढून वर आणायचा, टेबलावर ठेवायचा आणि काही न बोलता निघून जायचा. अशा अवस्थेत तो खुर्चीवरचा मुलगा मी बघितला. तो काळ मालिकेमुळे निभला असं म्हणणं फिल्मी होईल. निभला तो त्या ताटामुळे. पण आपल्यासारखं आणखी कोणीतरी बसलेलं आहे, हे कळलं. म्हणून माझं मत निःपक्षपाती नाही, हे आधीच कबूल.

आता पिक्चर. पहिला पिक्चर म्हणजे पहिले सहा एपिसोड. टीव्हीच्या वेळचे मूळ कागद वापरून बराचसा भाग नव्याने उभा केलाय. एक गोष्ट तर पिक्चरने सरळ सरळ वरचढ केली आहे, ती म्हणजे ऑपरेशन याशिमा. अख्ख्या जपानची वीज एका बंदुकीत ओतून एंजल फोडायचा. मालिकेत त्यासाठी आकडा सांगतात १८ कोटी किलोवॅट, म्हणजे १८० गिगावॅट. अंदाज यावा म्हणून, भारताची मे २०२४ मधली विक्रमी मागणी होती २५० गिगावॅट. पडद्यावर शहरांमागून शहरं अंधारात जातात, ट्रान्सफॉर्मरच्या रांगा तापतात. इलेक्ट्रिकलच्या माणसाला गहिवरून यावं असं प्रकरण! (फक्त एक शंका. जपानच्या पूर्वेला ५० हर्ट्झ, पश्चिमेला ६०. २०११ मध्ये दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या कन्व्हर्टरमधून जेमतेम एक गिगावॅट जात होतं. बाकीचे कुठून आणले, हा व्हायवाचा प्रश्न.) मार्च २०११ च्या भूकंपानंतर तिकडे खरोखरच वीज कमी पडली, तेव्हा लोकांनी एकमेकांना दिवे बंद करायला सांगताना त्याला 'ऑपरेशन याशिमा' हेच नाव दिलं होतं.

पण त्याच पिक्चरने काय कापलं ते बघा. चौथ्या एपिसोडमध्ये शिंजी पळून जातो आणि शेवटी त्याला शहराबाहेर पाठवायचं ठरतं. मिसातो, म्हणजे त्याला घरात ठेवून घेणारी वरिष्ठ अधिकारी, धावत स्टेशनवर येते. गाडी निघून जाते. आणि शिंजी प्लॅटफॉर्मवरच उभा. दोघं एकमेकांकडे बघत जवळजवळ मिनिटभर नुसते उभे राहतात. चित्र हलतसुद्धा नाही. पिक्चरमध्ये हे नाहीच. अगदी नवखा एडिटरही पहिल्यांदा तेच कापेल, कारण तिथे काही 'घडत' नाही. पण मला ती मालिका आठवते ती त्याच मिनिटामुळे.

तसंच लिफ्टचं. बाविसाव्या एपिसोडमध्ये असुका आणि रेई या दोन पायलट मुली लिफ्टमध्ये आहेत. कोणी बोलत नाही. पाच सेकंद, दहा, वीस... आपण इकडे अवघडून जातो. मग शेवटी असुका तिला थोबाडीत देऊन निघून जाते. दुसऱ्या पिक्चरमध्येही लिफ्ट आहे, पण तिथे रेई तिचा हात वरच्या वर धरते. भारी दिसतं. टाळी पडते. पण थोबाडीत बसली होती तेव्हा जे पोटात खड्डा पाडून गेलं, ते नाही होत. दुसरा पिक्चर सगळा असाच आहे. रंग झगझगीत, वेग जबरदस्त, सगळी जरा जास्त शूर आणि जरा जास्त गोड. बघताना मी खुर्चीतून उठलो होतो, हेही खरं.

तिसऱ्याबद्दल फार लिहीत नाही. गोष्ट एकदम चौदा वर्षं पुढे उडी मारते आणि शिंजीला कोणीच धड काही सांगत नाही. २०१३ मध्ये मी नोकरीवरून थकून येऊन तो बघितला आणि रागाने लॅपटॉप आपटून बंद केला. नंतर कळलं की तो पिक्चर संपवून आन्नो स्वतःच कोलमडले होते. २०१५ मध्ये त्यांनी तसं जाहीरपणे लिहिलं. मालिकेच्या आधीही चार वर्षं आपल्याला काही करता आलं नव्हतं, असं त्यांनी पूर्वी लिहून ठेवलेलं आहेच. म्हणजे खुर्चीवर बसलेला तो मुलगा कोण, ते समजलं असेल.

आणि मग शेवटचा पिक्चर. कोरोनामुळे दोनदा पुढे ढकलला, ऑगस्ट २०२१ मध्ये प्राइमवर आला. अडीच तासांचा. पहिला मोठा भाग लढाईचा नाहीच, एका गावातला आहे. जग बुडाल्यावर वाचलेल्या लोकांनी वसवलेलं गाव. मालिकेत जायबंदी झालेला तोजी इथे गावाचा डॉक्टर आहे, त्याला बायको आहे, तान्ही मुलगी आहे. रेई, खरं तर तिची प्रतिकृती, गावातल्या बायकांबरोबर भातलावणी करते. चिखलात पडते, उठते, 'गुड मॉर्निंग' कशाला म्हणतात ते विचारते. आम्ही कोकणातले. जून-जुलैत वाकून वाकून कंबर मोडलेली आई बघितलेली. जपानी पिक्चरमध्ये लावणीची ती मूठ हातात बघून मी पॉज केलं.

शिंजी मात्र बोलत नाही, जेवत नाही. पडक्या इमारतीपाशी पाण्याकडे बघत बसून असतो. असुका वैतागून त्याच्या तोंडात अन्न कोंबते. बाकीचे काहीच करत नाहीत! म्हणजे उपदेश करत नाहीत. जेवण ठेवतात आणि आपापल्या कामाला जातात. मी रात्री साडेअकराला जुन्या रूममेटला फोन लावला. म्हटलं, तू या पिक्चरमध्ये आहेस. तो म्हणाला, "झोप आता."

माझं मत असं आहे. रिमेक म्हणून हे पिक्चर मालिकेला पुरे पडत नाहीत. मालिकेची ताकद तिच्या अडखळण्यात होती, अपुऱ्या वेळात, थिजलेल्या चित्रांत, आणि पिक्चरमध्ये ते सगळं इस्त्री करून ठेवलंय. पण चौथा पिक्चर रिमेक नाहीच. पस्तिशीतल्या माणसाने विचारलेल्या प्रश्नाला त्याच माणसाने साठीत दिलेलं ते उत्तर आहे. आणि प्रश्नच वाचला नसेल तर उत्तर काय कळणार? शिंजीचा बाप मालिकेत नुसता चष्म्याआडून बघणारा. इथे तो गाडीच्या डब्यात बसून आपल्या एकटेपणाबद्दल मुलाशी बोलतो. मालिका न बघता हे बघितलंत तर एक म्हातारा रडतोय एवढंच दिसेल. आणि शेवट होतो कुठे, तर प्लॅटफॉर्मवर! आन्नोंच्या स्वतःच्या गावचं, उबे-शिनकावा स्टेशन. पहिल्या पिक्चरमध्ये कापलेला तो प्लॅटफॉर्म असा परत आला असं मला वाटतं. फरक एवढाच की या वेळी शिंजी जिने चढून धावत बाहेर पडतो.

त्या दोन पोरांना एवढं सगळं सांगितलं नाही. "सिरीजपासून सुरू करा, आणि परीक्षेनंतर," एवढंच म्हणालो. अर्थात, त्यांनी परीक्षेआधीच सुरू केली. चार दिवसांनी त्यातला एक जिन्यात भेटला.

"सर, होस्टेलचं वायफाय बघा ना जरा. काल चौथा एपिसोड शेवटी अडकूनच राहिला. स्टेशनवर दोघं नुसती उभी. मी दोनदा रिफ्रेश केलं."

मी म्हटलं, वायफाय ठीक आहे रे.