नोंदवही मुकी का होते?

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी सोव्हिएत सहकार्याने १९५९ साली सुरू झाली. अशा कारखान्यात पाळी बदलताना नोंदवहीला मोठे मोल असते. रात्री काय घडले, हे सकाळच्या मंडळींना तिच्यावरूनच कळते. त्याच भिलाईच्या जुनवानी भागात आज अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही एका नोंदवहीशी परिचय करून घ्यावा लागतो. मात्र ती कागदाची नसते. संगणकाची आज्ञावली चालू असताना आपली हकिगत ओळीओळीने लिहीत जाते, तिला ‘लॉग’ म्हणतात. (शब्द मूळचा खलाशांचा, जहाजाचा वेग मोजण्यासाठी पाण्यात सोडावयाचा लाकडी तुकडा, तो लॉग.)

हे लेखन ‘लॉगफोरजे’सारख्या तयार लायब्ररीकडे सोपविलेले असते. कोणता मजकूर नोंदीसाठी द्यावयाचा हे आज्ञावली ठरविते; त्यातील किती राखावयाचा व कोठे, हे मात्र एका निराळ्या मांडणीच्या फाईलमध्ये लिहिलेले असते. नोंदी उमटेनाशा झाल्या की नवशिका आज्ञावलीच तपासू लागतो. दोष बहुधा तेथे नसतो.

लॉगफोरजेच्या दुसऱ्या पिढीला मांडणीची फाईल सापडली नाही, तर ती थांबत नाही. केवळ ‘एरर’ व त्याहून गंभीर नोंदी पडद्यावर दाखविते आणि ‘इन्फो’, ‘डीबग’ या पातळ्यांच्या नोंदी निमूटपणे गाळते. पहिल्या पिढीची फाईल जुन्याच नावाने ठेवली, तर नवी लायब्ररी सहसा तिच्याकडे पाहतही नाही. याउलट चाचणीसाठी केलेली फाईल चुकून सोबत गेली, तर शोधाच्या क्रमात तिचा मान आधी असल्याने खरी फाईल बाजूस पडते. ‘एसएलएफफोरजे’ ही तर केवळ मध्यस्थ. तिच्यामागे प्रत्यक्ष लिहिणारा कोणीच नसेल, तर ती आरंभी एक इशारा देते आणि पुढील सर्व नोंदी टाकून देते. तो इशारा वाचण्याची तसदी फार थोडे घेतात. एकच ओळ दोनदा उमटत असेल, तर लहान व मूळ अशा दोन्ही नोंदकर्त्यांना तोच निर्गम जोडला गेला आहे काय, ते पाहावे.

म्हणून पहिला प्रश्न असा, की लायब्ररीने प्रत्यक्षात कोणती फाईल वाचली? याचे उत्तर तर्काने शोधण्याचे कारण नाही. लायब्ररीची स्वतःची डीबग सोय चालू केली, की आपण काय शोधले व काय सापडले, हे तीच सांगते.

या प्रश्नाचे मोल डिसेंबर २०२१ मध्ये जगाला कळले. नोंदीसाठी आलेल्या मजकुरात विशिष्ट रचनेचे शब्द असल्यास लॉगफोरजे ते नुसते लिहून न ठेवता दूरच्या यंत्राशी संपर्क साधत असे, आणि त्या वाटेने परक्याची आज्ञावली आत शिरू शके. दोषाची तीव्रता १० पैकी १० ठरली. दुरुस्त आवृत्ती लवकरच निघाली. परंतु ती बसवावयाची कोठे? सदोष प्रत पुष्कळदा दुसऱ्याच लायब्ररीच्या पोटात आलेली असे, आणि आपल्या यंत्रावर ती आहे, याची अनेक संस्थांना वार्ताच नव्हती.